सेमिनरीची पदवी : काय करावे, काय टाळावे

बारावीचे नाहीतर पदवीचे निकाल लागले, की आपल्या मंडळ्यांमधून दरवर्षी एखाददुसरा मुलगा, हल्ली एखादी मुलगीही, घरी जाहीर करते, "मला सेमिनरीत जायचंय." आजी डोळे पुसते आणि तिथल्या तिथे प्रार्थना करते. वडील गप्प बसतात. त्यांच्या डोक्यात एकच सवाल असतो : पुढे पोटापाण्याचे काय? आजीचेही खरे आणि वडिलांचेही. ही यादी त्या दोघांसाठी आहे आणि दोघांच्या मध्ये अडकलेल्या त्या मुलासाठीही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. थिऑलॉजीची पदवी घेण्यासारखी आहे. दोन हजार वर्षांची भांडणे, भाष्ये आणि भाबडेपणा ओलांडून एखादे शास्त्रवचन नीट कसे वाचावे, हे ती शिकवते. मरणाच्या दारातल्या माणसाजवळ तोंड बंद ठेवून कसे बसावे, हेही शिकवते. पगाराची हमी मात्र ती देत नाही आणि पवित्रपणाची तर नाहीच नाही. जे मिळते त्यासाठी जा. जे मिळत नाही त्याच्या आशेने गेलात, तर चार वर्षांनी चिडून परत याल.

(मदरसे, वेदपाठशाळा, बौद्ध विहारांतले शिक्षण यांची घडी वेगळी. इथे बोलणे आहे ते ख्रिस्ती सेमिनरीपुरते.)

काय करावे

पदवी कोण देणार, हे प्रवेशाआधी विचारा. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. देवाच्या कामात कागदपत्रे कसली मागायची, असे त्यांना वाटते. मागा. भारतात या पदव्यांच्या ढोबळ मानाने तीन तऱ्हा आहेत.

पहिली सेरामपूरची. कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ साली कॉलेज काढले. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याच्याकडून पदव्या देण्याची सनद मिळाली, कोपनहेगन आणि कील विद्यापीठांच्या तोडीची. पुढे १८४५ मध्ये डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकले, पण सनद शाबूत राहिली. गंमत अशी की तिच्या आधारे थिऑलॉजीची पहिली बी.डी. पदवी दिली गेली ती थेट १९१५ मध्ये. सनद इतकी वर्षे पेटीतच होती म्हणायची. १९१८ साली बंगालच्या कायदेमंडळाने सेरामपूर कॉलेज कायदा करून या व्यवस्थेला कायद्याचे बळ दिले. आज देशभरातल्या पन्नासहून अधिक सेमिनऱ्या या सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेल्या आहेत. पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच.

दुसरी तऱ्हा कॅथलिकांची. पुण्यात नगर रस्त्यावर ज्ञानदीप आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी इथे स्थापन केलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. ज्ञानदीपची परंपरा तिथपासूनची. इथल्या पदव्या व्हॅटिकनच्या मान्यतेच्या असतात आणि जगभरच्या कॅथलिक विद्यापीठांत चालतात. गोरेगावची सेंट पायस आणि गोव्यातली राशोलची जुनी सेमिनरी यांचा मुख्य उद्देश धर्मगुरू घडवणे हा आहे.

तिसरी तऱ्हा एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेची. १९७० मध्ये स्थापन झालेली ही संस्था सेमिनऱ्यांचा दर्जा तपासते. तिच्या शिक्क्याला इव्हँजेलिकल वर्तुळात चांगला मान आहे. पण ती सरकारी मान्यता नव्हे, आणि तसा तिचा दावाही नसतो. दावा करतात ते प्रवेशाची घाई झालेले दलाल.

तिन्हींत अमुक एक चांगली आणि बाकीच्या वाईट, असे काही नाही. तुम्हाला पुढे कुठे जायचे आहे, यावर सारे ठरते. नंतर एखाद्या सरकारी विद्यापीठात एम.ए. करायचे असेल, तर त्या विद्यापीठाकडे आधीच अर्ज करून ही पदवी ते धरतात का, हे लेखी उत्तर आणा. "चालतं हो, आमच्या एका मुलाला मिळाला प्रवेश" हे लेखी उत्तर नव्हे.

आधी एक साधी पदवी पदरात पाडा. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., काहीही. सेरामपूरच्या बी.डी.ला बारावीनंतर गेलात तर पाच वर्षे, पदवीधर होऊन गेलात तर चार. म्हणजे तीन वर्षे घालवून एकच वाचते, असा हिशेब कुणी मांडेल. हिशेब बरोबर आहे, सल्ला तरीही तोच. एकविसाव्या वर्षी सेमिनरीत जाणारा मुलगा अठराव्या वर्षी जाणाऱ्यापेक्षा जास्त प्रश्न घेऊन जातो. शिवाय मधल्या काळात त्याने एसटीचे धक्के, मेसचे जेवण आणि नापास झालेला एखादा पेपर पाहिलेला असतो. हे सगळे पुढे पाळक म्हणून उपयोगी पडते.

व्यवहाराचीही बाजू आहे. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर पाद्रीही भरती होतात, नायब सुभेदार हुद्द्यावर. त्या जागेसाठी कोणत्याही शाखेची पदवी लागते, दीक्षा झालेली असावी लागते आणि बिशपांच्या मान्य यादीत नाव असावे लागते. सेमिनरी मध्येच सोडावी लागली, आजारपण आले, मन बदलले, तर साध्या पदवीवर माणूस उभा तरी राहतो.

हिब्रू आणि ग्रीक मनापासून शिका. बहुतेक विद्यार्थी या दोन विषयांत पास होण्यापुरते शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पदवीतला सर्वांत मोलाचा भाग ते असा रस्त्यावर टाकून देतात. स्तोत्रसंहितेतले ११९वे स्तोत्र घ्या. मराठीत ते १७६ वचनांचे लांबलचक, पुनरुक्तीने भरलेले स्तोत्र वाटते. उपासनेत कुणी पूर्ण वाचायला घेतले की लोक चुळबूळ करू लागतात. हिब्रूत उघडा. तिथे बावीस कडवी आहेत, प्रत्येकात आठ वचने. पहिल्या कडव्यातले प्रत्येक वचन हिब्रूच्या पहिल्या अक्षराने सुरू होते, दुसऱ्यातले दुसऱ्या अक्षराने, असे शेवटच्या बाविसाव्या अक्षरापर्यंत. सगळी वर्णमाला कवीने देवाच्या नियमशास्त्राच्या पायाशी ओतली आहे. विलापगीतातल्या पहिल्या चार अध्यायांचीही बांधणी अशीच वर्णमालेची. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचा तो आक्रोश इतक्या काटेकोर चौकटीत बसवलेला आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की दुःखावरचा तुमचा उपदेश कायमचा बदलतो. बहुतेक भाषांतरांत ही रचना उतरत नाही.

आपल्याकडे या कष्टांचा वारसा आहे. कॅरींनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापले आणि १८११ मध्ये वैजनाथ पंडितांच्या मदतीने नवा करार मराठीत आणला. पंडिता रमाबाई तर सेमिनरीत न जाता हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनाचा सारा व्याप सांभाळून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या गेल्या. भाषांतर त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये निघाले. तुम्हाला तर शिक्षक, ग्रंथालय, शब्दकोश सगळे आयते मिळते आहे.

लिहा मराठीत. इथे जरा थांबायला हवे, कारण मराठी विद्यार्थ्याचे सगळ्यात मोठे नुकसान इथे होते. मोठ्या सेमिनऱ्यांत वर्ग इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत. अहिल्यानगर किंवा जालन्याकडच्या खेड्यातून आलेला मुलगा पहिले वर्ष इंग्रजीशी झुंजतो, दुसऱ्या वर्षी जुळवून घेतो आणि चौथ्या वर्षी इंग्रजीत विचार करू लागतो. मग तो गावच्या चर्चमध्ये उभा राहतो आणि त्याचा उपदेश म्हणजे इंग्रजी टिपणांवर मराठी क्रियापदे चिकटवलेली असतात. पहिल्या बाकावरची म्हातारी मान डोलावते, पण तिला काहीही कळलेले नसते.

हे टाळण्याचा मार्ग साधा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. इंग्रजीत निबंध लिहिला, की त्याच आठवड्यात त्यातला एक मुद्दा एका पानात मराठीत लिहून काढायचा आणि धर्मशास्त्राशी संबंध नसलेल्या माणसाला वाचून दाखवायचा. समजले नाही तर पुन्हा लिहायचा. चार वर्षे हे केले तर पदवीबरोबर एक वहीही हातात येते, आणि पुढची वीस वर्षे ती वही पदवीपेक्षा जास्त कामी येते.

पूर्वजांनी हेच केले. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आलेले जेझुइट. त्यांनी अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ मध्ये ते राशोलला छापून निघाले. आपल्या लोकांना पुराण ऐकायची सवय आहे, मग ख्रिस्ताची कथाही पुराणाच्या चालीवर सांगू, असा त्यांचा रोखठोक विचार होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवले आणि अभंगाचा साचा ख्रिस्तभक्तीसाठी असा वापरला की त्यांची पदे आजही उपासनेत गायली जातात. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. अगदी अलीकडचे म्हणाल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ज्या धर्मगुरूने हरित वसईच्या आंदोलनात बिल्डरांशी आणि गुंडांशी टक्कर घेतली, त्यालाच मराठी साहित्यिकांनी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या संमेलनाचे अध्यक्षपद दिले. धर्मशास्त्राचा अभ्यास मराठी माणसाला चर्चच्या भिंतीबाहेर कुठवर नेऊ शकतो, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे नाही.

आपल्या गावाला अभ्यासात आणा. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये शूद्रांच्या धर्मशास्त्रावर व्याख्यान दिले आणि पुढे दलित ख्रिस्ती धर्मशास्त्र ही अभ्यासाची स्वतंत्र शाखा उभी राहिली. आज ती जर्मनीत आणि अमेरिकेतही शिकवली जाते. तिचे मूळ साधे होते : आमच्या आज्या-पणज्यांनी भोगले ते देवाला माहीत होते का, आणि असेल तर ते आमच्या पुस्तकांत का नाही? प्रबंधाचा विषय निवडताना हे लक्षात ठेवा. जर्मन पंडिताच्या मताची चौथी समीक्षा लिहिण्यापेक्षा ऊसतोडीला जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची उपासना सहा महिने कशी चालते, यावर लिहा. मार्गदर्शक कुरकुर करतील. लिहा.

वारकऱ्यांचे आणि बौद्धांचे वाचा. सेरामपूरच्या अभ्यासक्रमात इतर धर्मांची शाखा आहे, पण ती पाठ्यपुस्तकातून उरकली जाते. महाराष्ट्रात पाळक व्हायचे आणि ज्ञानेश्वर, तुकाराम, बाबासाहेब यांचे मूळ ग्रंथ उघडायचेच नाहीत, याला शिक्षण म्हणत नाहीत. ज्यांना पुढे विद्यापीठात शिकवायचे असेल त्यांच्यासाठी माहिती म्हणून : नेट परीक्षेच्या विषयांत धर्मांचा तुलनात्मक अभ्यास हाही विषय आहे.

रुग्णालयात जा. सेमिनरीच्या क्षेत्रकार्यात तरुणसंघ, रविवारची शाळा, गायनवृंद असे पर्याय असतात आणि बहुतेक जण गिटार घेऊन गायनवृंदात जातात. तुम्ही कॅन्सरचा वॉर्ड मागा. तुरुंगात जाण्याची संधी असेल तर तीही मागा. मिशन रुग्णालयांत पाळक ठेवण्याची जुनी रीत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तर हे स्वतंत्र कामच आहे. तिथे कुणी तुम्हाला ट्रिनिटी समजावून सांगायला सांगत नाही. तिथे एखादी आई विचारते, "माझ्याच लेकराला का?" आणि तुम्हाला उत्तर येत नाही. उत्तर येत नसताना उठून न जाणे, हे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते.

मुलींनी जरूर जावे. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना याजकपदाची दीक्षा नाही, पण थिऑलॉजीची पदवी आहे; ज्ञानदीपमध्ये सिस्टर्स शिकत आल्या आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्री पाळकांना दीक्षा मिळते. लग्नाच्या बाजारात सेमिनरीची पदवी अडचण ठरते, ही तक्रार खरी आहे. मग अडचण बाजाराची समजा.

काय टाळावे

विकतचे 'डॉक्टर' होऊ नका. पाळकांच्या संमेलनात कधी मंचावरच्या नावांची पाटी वाचा. दहांतले सहा डॉक्टर. त्यांतल्या किती जणांनी प्रबंध लिहिला, हे विचारायचे नसते. तीन दिवसांचे शिबिर, एक झगा, एक चौकोनी टोपी, फोटो आणि हॉलवर जमा केलेली रक्कम, एवढ्यावर मानद डॉक्टरेट वाटणारे लोक आहेत. त्यांच्या विद्यापीठाचा पत्ता परदेशातला असतो आणि फोन नंबर इथला. भारतात पदवी देण्याचा अधिकार कुणाला, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट आहे : केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेच्या कायद्याने खास अधिकार दिलेली संस्था. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही जाहीर करतो. ती बघायला दोन मिनिटे लागतात.

यात कायद्याहून वाईट गोष्ट दुसरी आहे. जो माणूस दर रविवारी सत्यावर बोलतो, त्याच्या नावाचे पहिलेच अक्षर खोटे असते. मंडळीला हे कळते. ती फक्त बोलत नाही.

दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून जाऊ नका. "इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, बघू सेमिनरीत" हे वाक्य घराघरांत ऐकू येते आणि मग त्यालाच पाचारण असे नाव दिले जाते. पाचारण खरे की परिस्थितीने ढकलले, हे ओळखण्याची एक कसोटी आहे : चांगली नोकरी उद्या हातात आली तरी जाशील का? उत्तर द्यायला मुलगा फार वेळ घेत असेल तर एक वर्ष थांबा. वडील पाळक आहेत म्हणून मुलगाही पाळक, ही दुसरी ढकलाढकली. बंगला आणि खुर्ची वारसाने मिळेलही, पण पाचारण वारसाने येत नाही.

श्रद्धा डळमळली म्हणून पळू नका, आणि डळमळ थेट व्यासपीठावर नेऊ नका. पहिल्या सहा महिन्यांत हे बहुतेकांचे होते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात झाडे आणि प्राणी आधी, माणूस शेवटी. दुसऱ्या अध्यायात माणूस आधी, झाडे आणि प्राणी नंतर. घरी हे शंभरदा वाचलेले असते, पण कधी लक्षातच आलेले नसते. मग नव्या कराराच्या वर्गात कळते की चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख हस्तलिखितांत, सिनाइटिकस आणि व्हॅटिकानसमध्ये, मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशीच संपते. स्त्रिया भयभीत होऊन कबरेपासून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, आणि पुस्तक बंद. पुढची बारा वचने तिथे नाहीतच. होस्टेलवर त्या रात्री कुणी जेवत नाही.

इथे मुले दोन प्रकारे फसतात. काही जण कान झाकून घेतात, परीक्षेत अपेक्षित उत्तरे लिहितात आणि मनात ठरवतात की हे प्राध्यापक सैतानाचे लोक आहेत. चार वर्षे वाया. दुसरे नुकतेच मिळालेले ज्ञान घेऊन नाताळच्या सुट्टीत गावी जातात आणि पहिल्याच उपदेशात मंडळीला सांगतात की तुमच्या बायबलातली अमुक वचने मुळात नव्हती. हे क्रूर आहे. ज्या बाईने त्याच वचनांच्या आधारावर नवऱ्याचे दारूपण तीस वर्षे सोसले, तिला हे सांगायला अभ्यास लागतो आणि प्रेमही लागते. पहिल्या वर्षाच्या टिपणांत दोन्ही नसतात. प्रश्न ठेवा, वर्गात भांडा, प्राध्यापकांच्या घरी जाऊन वाद घाला. हाच तर या पदवीचा गाभा आहे : शास्त्रवचनाला अवघड प्रश्न विचारूनही उद्या सकाळी त्याच वचनाने प्रार्थना करता येणे. ते जमायला चार वर्षे पुरतात असेही नाही.

पदवी नसलेल्या सेवकांना कमी लेखू नका. अमेरिकन मिशनऱ्यांच्या मराठी मिशनच्या काळात गावोगाव पायी फिरणाऱ्या बायबल वुमन होत्या, शाळामास्तर-प्रचारक होते. आपल्यातल्या निम्म्या घरांत शुभवर्तमान त्यांच्याकडून आले. आजही खेड्यातला सातवी पास पास्टर रात्री दोनला सर्पदंश झालेल्याला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेतो. तुमच्या बी.डी.चा उपयोग त्याला शिकवण्यासाठी करा, आणि त्याआधी त्याच्याकडून शिका.

कर्ज काढून, शेत विकून जाऊ नका. पाळकाच्या तुटपुंज्या पगारातून ते फिटत नाही, आणि कर्जात बुडालेला पाळक श्रीमंत सभासदासमोर खरे बोलू शकत नाही. शिष्यवृत्ती मागा. तुम्हाला पाठवणाऱ्या डायोसीसशी लेखी बोला : शिक्षणानंतर किती वर्षे सेवा द्यायची, पगार किती, राहायला घर मिळणार का. लग्न ठरले असेल तर हे बोलणे होताना होणारी बायको किंवा नवरा शेजारी बसलेला असावा.

परदेशाची घाई करू नका. अमेरिकेत एम.डिव्ह. साधारण तीन वर्षांचे असते आणि खर्च डोळे पांढरे करणारा. इथे बी.डी. करा, पाच वर्षे मंडळीत काम करा, मग एम.टीएच. किंवा पीएच.डी.साठी जा. तोवर तुमच्याकडे विचारण्यासारखा प्रश्न असेल. बाविसाव्या वर्षी गेलेले बहुतेक तिथलेच होतात. त्यात पाप नाही, पण मग देणग्या "महाराष्ट्रातील सेवेसाठी" गोळा करू नयेत.

उपदेश उचलू नका. पूर्वी इंग्रजी पुस्तकातून उचलायचे, मग यूट्यूबवरून, आता संगणकाला सांगून लिहून घेतात. मंडळीला शिळे अन्न ओळखू येते.

मंडळीने काय करावे

हे सगळे त्या मुलाच्या गळ्यात घालून आपण मोकळे होऊ शकत नाही. सेमिनरीत मुले पाठवणाऱ्या मंडळ्या त्यांना निरोपाच्या सभेत हार घालतात, फोटो काढतात आणि पुढची चार वर्षे विसरतात. चर्चच्या रंगकामाला लाखो रुपये जमतात, ग्रीकच्या शब्दकोशाला जमत नाहीत. परत आलेल्या मुलाला तुम्ही पहिल्या महिन्यात लग्नपत्रिकांवर सह्या आणि जागेच्या कोर्टकज्ज्यांत गुंतवता, आणि मग पुन्हा तुम्हीच म्हणता की हल्लीच्या पाळकांच्या उपदेशात खोली नाही. आठवड्यातली एक सकाळ त्याला अभ्यासाला द्या. वर्षाला पुस्तकांसाठी ठरावीक रक्कम द्या. मिरजेपासून वसईपर्यंत ज्या कुणा मंडळीचा मुलगा किंवा मुलगी आज सेमिनरीत आहे, तिच्या पास्टरेट कमिटीला एवढीच विनंती : पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्यांची या वर्षीची फी कोण भरणार, हा विषय पहिला घ्या, आणि उठण्याआधी नाव व रक्कम कार्यवृत्तात लिहून घ्या.